सबनीसकाका आणि ट्रकचं झाकण

आमच्या शेजारचे सबनीसकाका गेल्या हिवाळ्यात रोज संध्याकाळी आपल्या ट्रकला पापड वाढत होते. थट्टा करत नाहीये. उडदाचे पापड, गॅसवर चिमट्याने भाजलेले, चांगले ताटात घालून बाहेर आणायचे. पिकअप ट्रकच्या मागच्या हौद्यावरचं झाकण उघडायचे, कोपऱ्याकोपऱ्यात एकेक पापड मांडायचे, एक मधोमध ठेवायचे आणि झाकण लावून घरात जायचे. सकाळी मी कॉफीचा कप घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीशी यायची तेव्हा काका कानटोपी आणि मफलर घालून हौद्यात वाकलेले दिसायचे. एकेक पापड कानाशी नेऊन मोडायचे. कट् असा आवाज आला तर पापड पास. नुसताच वाकला तर नापास, आणि मग त्या कोपऱ्याचं काही खरं नसायचं.

पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, पक्ष्यांसाठी असतील. राहवेना म्हणून जॅकेट चढवून बाहेर गेले आणि विचारलं.

"पक्ष्यांना काय करायचेत पापड?" काका म्हणाले. "अगं शिल्पा, ओलावा कळायला पापडासारखं दुसरं यंत्र नाही. कंपनीत आम्ही सेन्सर लावायचो. हे एवढे महाग. खोटं बोलायचे. पापड कधी खोटं बोलत नाही."

मी घरात येऊन नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "मग बरोबर आहे की." हासुद्धा इंजिनिअर आहे, त्यामुळे त्याच्याकडून मला फारशी आशा नव्हती.

आमचं ट्रॉय म्हणजे डेट्रॉइटचा शेजार. इथल्या प्रत्येक देशी घरात एक तरी माणूस गाडीच्या कुठल्यातरी भागाचा असतो. आमचे हे ब्रेकचे. मी डॅशबोर्डवर जे दिवे लुकलुकतात त्यांचं सॉफ्टवेअर लिहिते. सबनीसकाका रबराचे. म्हणजे गाडीच्या दाराभोवती जी काळी रबरी पट्टी असते, जिच्याकडे तुम्ही-आम्ही जन्मात ढुंकून बघत नाही, ती पट्टी काकांनी नोकरीभर केली. पाणी, वारा आणि आवाज आत येऊ द्यायचा नाही, हे एकच काम. काका रिटायर झाले, पण काम काही त्यांना सोडेना. आमच्याकडे जेवायला आले की पान वाढेपर्यंत फ्रिजच्या दारात कागदाची पट्टी अडकवून ओढून बघतात. पट्टी सहज निघून आली, तर माझ्याकडे असं काही बघतात की मला वाटतं, जणू पोटच्या पोरीला उपाशी ठेवलंय मी.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे. "ते राहू दे. गळतं का, तेवढं सांग." हे वाक्य ते कशालाही लावतात. माझ्या बहिणीचं लग्न ठरत होतं. मुलगा शिकलेला, दिसायला बरा, माणसं चांगली, असं सगळं मी रंगवून सांगितलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "गळतो का कुठे?" आमच्या मंडळाच्या नव्या अध्यक्षांनी पहिलं भाषण ठोकलं. सगळे टाळ्या वाजवत होते, आणि काका माझ्या कानात म्हणाले, "भाषण चांगलंय. पण गळतं." पुढे त्या अध्यक्षांनी काय दिवे लावले ते मी इथे सांगत नाही, पण काका चुकले नव्हते.

तर असा हा माणूस रिटायर झाल्यावर इतर चारचौघांसारखी एखादी शहाणी कार घेईल की नाही? नाही. काकांनी हा थोरला पिकअप ट्रक घेतला. आमच्या मराठी मंडळींच्या काही तो पचनी पडला नाही. "काका, शेती घेतली का?" असं लोक विचारायचे. काका म्हणायचे, "जन्मभर याच्या दारांची रबरं केली. एकदा आत बसून बघू दे की."

आणि मग मंदाकाकूंचा संधिवात वाढला. घरात त्या वॉकर धरून फिरतात, पण बाहेर लांब चालायचं म्हणजे चाकाची खुर्ची लागते. बॅटरीवर चालणारी, घडी होणारी, पण वजनाने अशी की काकांना ती उचलून कारमध्ये घालणं शक्य नाही. ट्रकच्या हौद्याला फळी लावून मात्र ती वर ढकलता येते. तरी सगळ्यांनी सांगितलं, ट्रक विका आणि व्हॅन घ्या. काका विकायला निघालेही होते. काकूंनीच हाणून पाडलं. "आयुष्यात एक हौस केली या माणसाने. ती माझ्या गुडघ्यांपायी विकायची नाही," त्या म्हणाल्या. "शिवाय मला उंच बसायला आवडतं. खालच्या गाडीतून उठताना जीव जातो. इथून नुसतं घसरायचं." त्यांच्यासाठी काकांनी दाराखाली एक पायरी लावून घेतली आहे. दार उघडलं की ती आपोआप बाहेर येते.

आता खरी अडचण सांगते. त्याच्या आदल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवानंतर काकूंनी कुठे जाणंच बंद केलं होतं. डॉक्टर सोडून कुठे नाही. गणपतीला नाही, दिवाळीला नाही. का, म्हणून विचारलं तर "थंडी गं" म्हणायच्या. ऑगस्टमध्येसुद्धा थंडी. आणि हे मंडळाचं हळदीकुंकू तर काकूंनीच सुरू केलेलं. इथे कुंकू विकत मिळत नव्हतं त्या काळात त्यांनी चार बायका जमवून आपल्या बेसमेंटमध्ये पहिलं केलं होतं. आता शाळेचा हॉल घ्यावा लागतो. येत्या संक्रांतीला मंदाला तिथे न्यायचंच, असं काकांनी मनावर घेतलं होतं. आणि त्याआधी हौद्याला झाकण बसवायचं. खुर्ची मागे असते, आमच्याकडचा बर्फ आडवा-तिडवा येतो, ती भिजू नये हे मला समजत होतं. पण भिजली तर पुसून घ्यावी, त्याचा एवढा कीस कशाला काढायचा, हे मात्र समजत नव्हतं.

खरेदीला काका मलाच घेऊन जायचे. कारण विचारलं तर म्हणाले, "झाकण बघायचं तर एक माणूस आत लागतो आणि एक बाहेर." त्याचा अर्थ मला पुढे कळला.

ट्रकचं सामान विकणाऱ्या त्या दुकानात रिक नावाचा माणूस होता. दाढीवाला, पोट सुटलेला आणि स्वभावाने गरीब. त्याने आधी जाड रेक्झिनची गुंडाळी दाखवली, चटईसारखी गुंडाळायची. काकांनी तिच्यावर तळहात दाबला. "मिस्टर रिक, इन जॅन्युअरी धिस विल गेट अ बेली," काका त्याच्या पोटाकडे न बघता म्हणाले. बर्फाने पोट सुटणार, पोटात पाणी साठणार, पाणी गोठणार, मग ही गुंडाळायची कशी? रिकने ती गुंडाळी बाजूला ठेवली.

मग त्याने बटण दाबल्यावर दुकानाच्या शटरसारखं आत सरकणारं झाकण दाखवलं. ते काकांना आवडलं. त्यांनी ते पाच-सात वेळा सरकवलं, लहान मुलासारखं. मग विचारलं, "आत पाणी शिरलं तर?" रिक म्हणाला, कोपऱ्यांत नळ्या आहेत, त्यातून वाहून जातं. "नळ्या गोठल्या तर?" रिक म्हणाला, "मग स्प्रिंगपर्यंत थांबायचं." काकांनी माझ्याकडे बघितलं आणि मराठीत म्हणाले, "म्हणजे मंदाने एप्रिलपर्यंत खुर्चीची वाट बघायची."

तिसरं होतं अखंड फायबरचं, डब्याच्या झाकणासारखं एका बाजूने उचलायचं. पाण्याला चोख. काका खूश. पण उचलताना त्यावर बर्फ असणार ना. "शिल्पा," काका म्हणाले, "तू बर्फ हो."

"काय?"

"बर्फ हो गं. वर ओणवी हो आणि भार दे. मी खालून उचलतो."

आणि मी, मास्टर्स केलेली, टीममध्ये लोक माझ्या हाताखाली असलेली बाई, भर दुकानात झाकणावर ओणवी होऊन बर्फ झाले. काकांनी खालून जोर लावला. झाकण हललं नाही, काकांची पाठ मात्र हलली. "झाकण उत्तम आहे," ते कमरेवर हात ठेवून म्हणाले. "मी गळतो."

शेवटी राहिलं ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचं, दुमडत दुमडत पुढे न्यायचं. हलकं, भक्कम, बर्फ पेलणारं. रिक म्हणाला, वॉटर रेझिस्टंट आहे. काका म्हणाले, "रेझिस्टंट म्हणजे विरोध. विरोध आमच्या मंडळातही सगळे करतात. अडवतो कोण?" मी ते शक्य तेवढं इंग्रजीत सांगितलं. रिकने दाढी खाजवली आणि म्हणाला, सर, खरं सांगू का, थेंबही आत येणार नाही असं झाकण अजून कोणी बनवलेलं नाही. काकांचा चेहरा एकदम उजळला. "हा माणूस खरं बोलतो," ते म्हणाले. "इथूनच घ्यायचं."

घेतलं आणि बसवलं, पण ट्रक घरी न नेता काकांनी मला गाडी धुवायच्या जागी वळवायला लावली. नाणी टाकून आपणच पिचकारीने गाडी धुवायची, तसली जागा. तिथे पोचल्यावर हा पांढऱ्या केसांचा माणूस टॉर्च घेऊन हौद्यात चढला आणि आडवा झाला. "लाव झाकण," म्हणाला. "पाणी मार. मी सांगतो तसं."

मी लावलं. मारलं. आतून आवाज यायला लागला. "डावीकडे! अजून डावीकडे! इथे येतंय! मार, मार, थांबू नको!"

आता चित्र कसं दिसत होतं बघा. एक बाई हातात पिचकारी घेऊन बंद ट्रकवर पाणी मारतेय आणि ट्रकच्या आतून एक म्हातारा परक्या भाषेत ओरडतोय. शेजारच्या खणात गाडी धुणारी गोरी बाई फोन हातात घेऊन माझ्याकडे बघत उभी राहिली. "इज एव्हरीथिंग ओके?" मी हसून म्हटलं, ते माझे अंकल आहेत. या वाक्याने परिस्थिती आणखीच बिघडली. शेवटी मी झाकण उघडलं. काका उठून बसले, नाकावरून पाणी ओघळत होतं, आणि त्या बाईला त्यांनी आनंदाने सांगितलं, "ओन्ली टू कॉर्नर्स!"

झाकणाचे पुढचे दोन कोपरे गळत होते. त्या दिवसापासून काकांनी गॅरेजमध्ये रबराच्या पट्ट्यांचं दुकान मांडलं. जुन्या ओळखीतून तुकडे मागवले, कापले, चिकटवले, पुन्हा काढले. आणि पापड सुरू झाले. इतके दिवस झाले तरी माणूस हटेना. मी नवऱ्याला म्हटलं, यांच्या डोक्यावर परिणाम झालाय, दुसरं काही नाही.

डिसेंबरात एकदा काका आमच्याकडे चहाला आले आणि पापडांचं ताट आमच्या ओट्यावरच विसरून गेले, ते द्यायला मी गेले. काका दुकानात गेले होते. मंदाकाकू टेबलाशी बसून तीळ निवडत होत्या.

"ठेव तिथे," त्या म्हणाल्या. "मला मेलीला जेवताना पापड नाही मिळत हल्ली. सगळे गाडी खाते."

आम्ही हसलो. मग मी हळूच विचारलं, "एवढं सगळं तुमच्यासाठी चाललंय काकू. संक्रांतीला येणार ना?"

काकूंनी तीळ निवडणं थांबवलं नाही. "तू गेल्या संक्रांतीला पुण्याला होतीस, नाही का," त्या म्हणाल्या. "म्हणून विचारतेस. बाकीच्या विचारत नाहीत."

मग त्यांनी सांगितलं. गेल्या संक्रांतीला खुर्ची मागे नुसती ताडपत्रीखाली होती. हायवेवर ताडपत्री सुटली. शाळेपाशी पोचल्यावर काकांनी टॉवेलने खुर्ची खसाखसा पुसली, हात फिरवून बघितला आणि म्हणाले, कोरडी आहे. वरून होतीच कोरडी. आतल्या फोमने बर्फाचं पाणी पिऊन ठेवलं होतं. काकू बसल्या. हॉल ऊबदार. वाण लुटणं चालू झालं, गाणी चालू झाली आणि त्यांच्या वजनाने पाणी हळूहळू बाहेर यायला लागलं.

"काळी साडी होती म्हणून कपड्यावर दिसलं नाही," काकू म्हणाल्या. "पण खाली फरशीवर थेंब पडायला लागले. मग थेंबांचं तळं झालं. कोणी एक शब्द बोललं नाही गं. एकीने हळूच पेपर टॉवेल आणून टाकले. दुसरीने कानाशी येऊन विचारलं, काकू, बाथरूमला नेऊ का? इतक्या मायेने विचारलं. मी काय सांगणार, बर्फाचं पाणी आहे म्हणून? कोणाला खरं वाटलं असतं? माझ्या वयाच्या बाईचं?"

मी उगाच एक तीळ उचलून बाजूला ठेवला.

"यांना तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी आल्यावर म्हणाले, जन्मभर लोकांच्या गाड्यांत पाणी जाऊ दिलं नाही आणि माझ्या बायकोच्या खुर्चीत गेलं. त्यानंतर तो विषय आम्ही काढला नाही. मी त्यांना दोष देत नाही. पण चारचौघींत त्या खुर्चीवर बसायचं म्हटलं की मला फरशीवरचं ते तळं दिसतं. त्यांना सांग, झाकण लावा, नाही तर मजला चढवा. मी यायची नाही."

घरी येताना मला इतकं वाईट वाटलं की मी काकांच्या ट्रकजवळ थांबले आणि त्या झाकणावर उगाच हात फिरवला. दोन महिने मी ज्या माणसाची टवाळी करत होते, त्याच्या डोक्यावर काही परिणाम झालेला नव्हता.

जानेवारीत बर्फ पडला तो असा की पत्रपेट्या दिसेनाशा झाल्या. वादळ थांबल्यावर सकाळी काका फावड्याने बर्फ बाजूला करून हौद्यात वाकले आणि मी खिडकीशी उभी राहिले. सगळे पापड कडकडीत निघाले. काकांनी ते ताट वर धरून मला दाखवलं. मी दोन्ही अंगठे वर केले. पण त्यांचा चेहरा काही खुलला नाही. कुंपणाशी येऊन म्हणाले, "झाकण झालं. आता मंदा."

हळदीकुंकवाच्या शनिवारी सकाळी त्यांचा फोन आला. "मंदा गाडीत बसायला तयार झालीये," ते दबक्या आवाजात म्हणाले. "पण तिने सांगितलंय, उतरेन की नाही ते तिथे गेल्यावर ठरवीन. तू कोणाला काही बोलू नको."

मी नाही बोलले. शाळेच्या दाराशी एका हातात तिळगुळाचं ताट आणि दुसऱ्यात अत्तरदाणी घेऊन उभी राहिले. वारा असा बोचरा होता की हातातली अत्तरदाणी बर्फासारखी गार पडली होती. काकांचा ट्रक आला आणि अगदी दारासमोर थांबला. माझ्याबरोबर दारात उभ्या असलेल्या बायकांनी खिडकीतल्या काकूंना ओळखलं आणि बाजूला सरल्या. त्यांतल्या दोघीतिघी गेल्या वर्षीही होत्या.

काका उतरले. एरवी हा माणूस थंडीत जाड काळी पँट घालतो, आज फिकट बदामी रंगाची पातळ पँट होती. एवढ्या गारठ्यात हे काय खूळ, असं माझ्या मनात आलं. त्यांनी झाकण दुमडलं, फळी लावली, खुर्ची खाली घेतली, उघडली आणि ढकलत काकूंच्या दारापाशी आणून ठेवली. दार उघडलं. पायरी बाहेर आली. काकू वरून खुर्चीकडे बघत राहिल्या. काळी साडी, नथ, वरून कोट. हात दाराच्या मुठीवरच. उतरेनात.

"मंदा, कोरडी आहे," काका म्हणाले.

"गेल्या वर्षीही तुम्ही हेच म्हणाला होतात," काकू म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण आम्हाला दारात ऐकू आला.

काकांनी खुर्चीला हात लावला नाही. ते वळले आणि स्वतःच खुर्चीत बसले. नुसते टेकले नाहीत, चांगले दाबून बसले. उजवीकडे कलले, डावीकडे कलले, मागे रेलले, पुन्हा पुढे आले. वाऱ्याने त्यांचे केस उडत होते, नाक लाल झालं होतं आणि मंडळाच्या निम्म्या बायका बघत होत्या. बराच वेळ ते तसे बसून राहिले. फोम दाबला जायला जेवढा वेळ लागतो तेवढा, हे मला नंतर सुचलं. मग उठले, काकूंकडे पाठ केली, दोन्ही हातांनी कोट कमरेच्या वर उचलून धरला आणि किंचित वाकून उभे राहिले.

त्या फिकट पँटवर कुठे ओलाव्याचा डाग नव्हता. ती पँट त्यांनी का घातली होती ते मला तेव्हा कळलं. माझ्याशेजारची एक बाई फसकन हसली आणि लगेच तिने पदर डोळ्यांना लावला.

काकूंनी चष्मा सारखा केला आणि अगदी नीट बघितलं.

"पुरे," त्या म्हणाल्या. "कोट खाली घ्या, पाठ धरेल. आणि मला हात द्या."